पार्ट यायचा आहे

गावात कुणाचंही काम रखडलं की लोक विचारायचे, "बंदूकवाल्या काकूंकडे टाकलंय की काय?" लग्न लांबलं, बांधकाम अडलं, कोर्टाची तारीख पुढे गेली, तरी बिल काकूंच्याच नावावर फाटायचं. चहाच्या दुकानात तर एक विनोद कायमचा मुक्कामाला होता. काकूंकडे बंदूक दुरुस्तीला टाकायची असेल तर रानडुकराला आधी विचारून घ्यावं, बाबा रे, पुढच्या वर्षी येशील ना?

सगळे हसायचे. काकूही हसायच्या. हसू यायचं नाही ते फक्त त्यांच्या सुनेला.

सून शहरातल्या शिलाई मशीनच्या कारखान्यातून आलेली. तिथे तिचे हात असे चालायचे की मुकादम इतरांना तिच्या बाकाशी आणून उभं करायचा. लग्नानंतर नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. नुसतं बसून राहणं तिला जमेना, म्हणून ती सासूच्या दुकानात जाऊ लागली. काकूंनी रीतसर तिचं नाव दुकानाच्या परवान्यात लावून घेतलं आणि आपल्या शेजारी तिच्यासाठी स्टूल मांडलं. सुनेला काम आवडलं. लोखंड ते लोखंड, स्प्रिंग ती स्प्रिंग. दुकानाची बदनामी मात्र तिच्या नाकाला मिरच्यांसारखी झोंबायची.

डोंगराच्या उतारावरचं हे गाव. वर शेतं आणि बागा, त्यांच्यावर रानडुकरांची धाड, त्यामुळे घरटी नाही तरी बऱ्याच घरांत परवान्याची बंदूक होती. बाजाराच्या गल्लीत औषधवाला आणि शिंपी यांच्यामध्ये काकूंचं दुकान. अरुंद आणि लांबलचक. पुढे काचेचं काउंटर, मग व्हाइसची पकड बसवलेलं लाकडी बाक, भिंतीला कानशी लहान-मोठ्या क्रमाने लावलेल्या, आणि अगदी मागे लोखंडी जाळीच्या कुलूपबंद दाराआड खुंट्यांची रांग. तेलाचा वास इतका मुरलेला की घरी जाऊन साबणाने हात धुतले तरी तो जायचा नाही. सुनेला पुढेपुढे तो आवडूही लागला.

काकूंचे वडील लेथवर काम करणारे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन ही पोरगी कारखान्यात जायची आणि दारातूनच सांगायची, "बाबा, हत्याराची धार गेली, आवाज बघा कसा येतोय." पुढे लग्न झालं ते बंदुका दुरुस्त करणाऱ्याशी. नवऱ्याने स्वयंपाकघराआधी दुकान दाखवलं, आणि दोघांनी एकाच बाकावर उभं राहून संसार केला. तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा गावातल्या शहाण्यांनी सल्ले दिले. दुकान बंद करा, बाईमाणसाला बंदुका शोभत नाहीत. काकू म्हणाल्या, "बंदूक काय विचारते का, हात बाईचा आहे की बाप्याचा? विचारलं तर कळवीन." त्यानंतर कुणी सल्ला दिला नाही.

आणि हात म्हणजे काय हात होता! मोडका घोडा असो की सैल झालेला चाप, काकू एकदा कानाशी धरून खटका दाबायच्या आणि कुठे दुखतंय ते सांगायच्या. कानस फिरवताना त्यांची जीभ किंचित बाहेर यायची, शाळेतल्या मुलीसारखी. कितीतरी गिऱ्हाइकं चहा संपायच्या आत बंदूक खांद्याला लावून परत गेलेली सुनेने स्वतः पाहिली होती.

म्हणूनच तिला कोडं पडलं होतं. एवढं झटपट काम करणारी बाई काही बंदुका मात्र महिनोन्‌महिने मागे टांगून ठेवायची. मालक आला तर काकू खांदे उडवायच्या. "पार्ट यायचा आहे हो. कंपनीला कळवलंय. उद्या-परवा बघा." मालक मान हलवून जायचा. पार्ट कधी यायचा नाही. मुळात कुठल्या कंपनीला काही कळवल्याचंही सुनेने कधी पाहिलं नव्हतं.

एक दिवस काकू बाहेर गेल्या असताना तिने जाळी उघडून त्या बंदुका एकेक करून उतरवल्या आणि तपासल्या. एकीतही काही बिघाड नव्हता. साफ केलेल्या, तेल दिलेल्या, खटका कसा ठणठणीत. सुनेला धस्स झालं. आईंना विसरायला होतंय, दुसरं काय! त्यात डोळ्यात मोतीबिंदू, खुंटीवरची चिठ्ठीही धड वाचता येत नसेल. काम करून ठेवतात, द्यायचं विसरतात आणि वेळ मारून न्यायला पार्टचं नाव सांगतात. म्हातारपण कुणाला चुकलंय? तिला सासूची कीव आली, माया आली, आणि गावाचा राग आला. इतक्या गुणी बाईची हे लोक टिंगल करतात म्हणजे काय! तिने मनाशी ठरवलं की संधी मिळाली की दुकानाचं नाव आपणच धुऊन काढायचं.

संधी आली ती काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची. नवरा रजा काढून आईबरोबर दवाखान्यात राहिला आणि दुकान सुनेवर पडलं. सकाळी झाडलोट झाली आणि तिने फोन जवळ ओढला. चिठ्ठ्यांवर नंबर होतेच.

पहिला फोन एका बाईने उचलला. "तयार आहे?" ती घाबरल्यासारखी म्हणाली. "राहू द्या हो. आम्हाला मुळीच घाई नाही. काकू आल्या की बघू." आणि फोन ठेवून दिला. सुनेने कपाळावर हात मारला. लोकांनाही आता उशिराची सवय लागली होती! दुसरा फोन एका बागवाल्याला. तो हसतखेळत आला, चार गप्पा मारल्या, बंदूक घेऊन गेला. सुनेला हुरूप आला.

तिसरा फोन ड्रायव्हरला.

हा माणूस वर्षानुवर्षं घाटातली बस चालवत होता. लोक घड्याळ त्याच्या हॉर्नवर लावायचे. मागच्या हिवाळ्यात धुक्यात बस रस्त्याखाली घसरली. प्रवासी वाचले, पण त्याच्या शेजारच्या सीटवर बसणारा कंडक्टर, त्याचा जन्माचा सोबती, गेला. चौकशीत ब्रेकचा दोष निघाला, ड्रायव्हरला कुणी बोल लावला नाही. तो मात्र घरी येऊन बसला तो बसलाच. पुन्हा चाकाला हात लावला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याची बायको चादरीत गुंडाळलेली बंदूक दुकानात देऊन गेली होती. घोडा अडकतोय, म्हणाली होती. सुनेने तपासला तेव्हा तो लोण्यासारखा चालत होता.

फोन ड्रायव्हरनेच उचलला. तयार आहे म्हटल्यावर त्याने पुन्हा एकदा दुकानाचं नाव विचारून घेतलं. मग विचारलं, "वहिनींनी सांगितलं?" काकूंना तो वहिनी म्हणायचा, त्यांचा नवरा त्याचा मित्र होता.

सुनेने क्षणभर विचार केला. दुकान आईंचं, काम आईंचं, मग सांगितलंही त्यांनीच म्हणायला काय हरकत आहे? "हो हो, त्यांनीच," ती म्हणाली.

दुपारी तो आला. परवाना दाखवला, सही केली. बंदूक दुकानाच्या फडक्यात गुंडाळून हातात दिल्यावरही जागचा हलेना. मागच्या रिकाम्या खुंटीकडे पाहत म्हणाला, "खूप दिवस सांभाळलीत." सुनेला वाटलं, पहिलंच गिऱ्हाईक ज्याने आभार मानले! ती गोड हसली.

तो गेला आणि तासाभरात काकू आल्या. मुलाने रिक्षातून आणून सोडलं आणि तो तसाच रिक्षाने पुढे ट्रकवर गेला. काकूंच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. घरी जाऊन पडा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, पण यांचं घर म्हणजे दुकानाचा बाकच. आत येऊन त्यांनी उरलेल्या डोळ्याने आधी व्हाइसकडे पाहिलं, मग कानशींकडे, मग मागे.

"दोन खुंट्या रिकाम्या दिसतायत."

"ओळखा!" सून लाडात म्हणाली. "तुम्ही काम करून ठेवलेलं आणि द्यायचं राहून गेलेलं. मी फोन केले. आता बघू कोण नाव ठेवतंय आपल्या दुकानाला!"

"बागवाल्याची गेली? ठीक आहे. तो सावरलाय, त्याला मी देणारच होते." काकू जाळीपाशी गेल्या. "आणि ड्रायव्हर भाऊजींची?"

"तेही घेऊन गेले, आत्ताच."

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. इतक्या वर्षांत कधी न पाहिलेला चेहरा सुनेने पाहिला. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "शटर ओढ. त्यांच्या बायकोला फोन लाव. ती या वेळी लाँड्रीत कामाला असते. घरी त्यांच्याजवळ कुणीच नाही."

सुनेने फोन लावला. पलीकडून बाईचा जो आवाज आला त्याने सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. लाँड्री गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती निघाली होती, पण तिला वेळ लागणार होता. ड्रायव्हरचं घर वरच्या आळीत. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा, पायऱ्यांनी जवळ. काकू पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी पायऱ्या चढू लागल्या. एक हात भिंतीला, एक सुनेच्या खांद्यावर.

"आई, मला काही कळत नाहीये," सून रडकुंडीला आली होती. "बंदूक तर चांगली होती!"

"बंदूक चांगलीच होती. बंदूक कधी बिघडलीच नव्हती." काकूंना धाप लागत होती, पण त्या थांबल्या नाहीत. "फार वर्षांपूर्वी शाळेतल्या शिपायाची बायको मागच्या दाराने आली. म्हणाली, काकू, ही दुरुस्तीला घ्या, पण दुरुस्ती लवकर करू नका. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मी पुढचं काही विचारलं नाही. नवऱ्याला सांगितलं, पार्ट यायचा आहे. पुढचा उन्हाळा येईपर्यंत ठेवून घेतली. तो शिपाई आज नातवाला सायकलवर बसवून आपल्या दुकानापुढून जातो ना? तोच."

सून मध्येच थबकली. काकूंनी तिला ढकललं.

"चाल. मग दुसरी आली, मग तिसरी. कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाचा मुलगा. मला वाटायचं, आपल्याच गावात हे दुःख का? मग दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मनाच्या दुखण्याच्या डॉक्टरीणबाई आल्या, राज्यातल्या बंदुकीच्या सगळ्या दुकानांत फिरत होत्या. त्या म्हणाल्या, काकू, राज्यात गोळीने माणसं मरतात म्हटलं की लोकांना दरोडेखोर दिसतो, भाऊबंदकी दिसते. ते असतंच. पण निम्म्याहून जास्त माणसं आपल्या घरात, आपल्याच हाताने जातात. शहरापेक्षा गावात जास्त. बहुतेक पुरुष, आणि बहुतेक एकटे पडलेले." त्यांनी पायरीवर क्षणभर टेकल्यासारखं केलं आणि लगेच उठल्या. "आपण आपलं दाराला कुलपं लावत बसतो चोराला भिऊन, आणि धोका आत जेवायला बसलेला असतो."

"मग त्यांना थांबवायचं कसं?"

"तेच मी विचारलं. म्हणाल्या, वाईट घटका असते ती. ती निघून जाते. ती जाईपर्यंत हाताशी हत्यार नको, आणि जवळ माणूस हवं. जो त्या घटकेतून वाचतो तो बहुतेक करून पुढे जगतो. मी घरी येऊन खूप रडले त्या दिवशी. आपण अडाणीपणाने करत होतो ते बरोबर होतं, म्हणून रडले. आणि आपल्याकडे जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी. आपला शिंपी दिवसभर रेडिओ का लावून बसतो, ठाऊक आहे तुला? गाणी ऐकायला नाही. लहानपणी त्याच्या घरात बापाच्या खोलीतून तो आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. तेव्हापासून त्याला शांतता सोसत नाही. गोळी एकालाच लागते गं, पण घरभर माणसं पडतात."

सुनेला आठवलं. रोज त्या शिंप्याला ती म्हणायची, जरा आवाज कमी करा हो. "तुम्ही मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"कुणालाच सांगितलं नाही. एका घराचं दुःख दुसऱ्या घरी न्यायचं नसतं. लोक मला आळशी म्हणतात, म्हणू देत. त्याने माझं काय बिघडतं? दुकानाला नाव ठेवलेलं परवडलं, घराला नको."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते लाजेचं कमी आणि अभिमानाचं जास्त होतं. अख्खं गाव ज्या बाईवर विनोद करत होतं तिने त्याच गावातली किती घरं सांभाळली होती, आणि बदल्यात गावाचं हसू हसत अंगावर घेतलं होतं. अशा बाईच्या घरात आपण आलो, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच पुढची पायरी दिसली आणि तिने काकूंचा हात घट्ट धरला.

ड्रायव्हरचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकूंनी हाक न मारताच ते ढकललं.

तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पुढ्यात बंदूक, अजून दुकानाच्या फडक्यात, गाठ तशीच. शेजारी चहाचा कप, साय धरलेला. त्याने मान वर केली आणि काकूंच्या पट्टीकडे पाहत राहिला.

जिवात जीव आल्यावर सून दाराची चौकट धरून उभी राहिली. काकू सरळ त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि फडक्यावर हात ठेवला.

"भाऊजी, घोटाळा झालाय. यात चुकीचा पार्ट बसलाय. माझ्याच हातून झालं, डोळ्याने दिसत नव्हतं ना. काम कच्चं राहिलं. परत न्यायला आलेय."

ज्या बाईने आयुष्यात कच्चं काम दाराबाहेर जाऊ दिलं नाही ती स्वतःच्या तोंडाने असं म्हणत होती.

ड्रायव्हर हळूच हसला. "वहिनी, तुमचा पार्ट का येत नाही ते गावातल्या प्रत्येक बाप्याला ठाऊक आहे. चहाच्या दुकानात आम्ही हसतो ते उगीच का? ज्याची बंदूक तुमच्याकडे असते तो सगळ्यात मोठ्याने हसतो."

काकूंनी फडक्यावरचा हात तसाच राहू दिला.

"बायकोने बंदूक नेली तेव्हाच मला कळलं होतं," तो सांगू लागला. शब्द एकेक करून येत होते. "म्हणूनच मी कधी मागायला आलो नाही. दुकानावरून जायचो. आत बघायचो, आपली आहे का अजून. दिसली की बरं वाटायचं. वाटायचं, चला, कुणीतरी आपल्यासाठी अजून खोटं बोलतंय." त्याने कप उगीच सरकवला. "आज फोन आला. वहिनींनी सांगितलंय म्हणे. मी विचार करत बसलो. मी बरा झालोय असं त्यांना वाटलं असेल का? पण मी तर बरा नाही. मग वाटलं, त्यासुद्धा कंटाळल्या. आणि त्या कंटाळल्या म्हणजे मग..."

"कंटाळले?" काकू अशा कडाडल्या की सून दचकली. "मी? अहो, कानस घासता घासता जन्म गेला माझा, तेव्हा कंटाळले नाही, आणि तुम्हाला कंटाळणार? वर्ष लागू दे, दहा लागू देत! बाकी सगळ्यांच्या बंदुका परत जातील, तुमची राहील. मी मेले तर ही सांभाळेल!"

सुनेला आता राहवलं नाही. ती पुढे आली. "काका, फोन मी केला होता. आईंना माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं हे मी खोटं बोलले. मला वाटलं, त्या विसरतात. तुमच्याकडे यायला त्या डोळ्यावरची पट्टीही न बघता पायऱ्या चढून आल्या."

ड्रायव्हरने काकूंकडे पाहिलं. पट्टी खालून ओली झाली होती आणि गालावरून पाण्याचा एक ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. तो रडण्याचा नव्हता, कारण रडणारा डोळा दुसरा होता.

"पायऱ्यांनी आलात?" तो उठलाच. "ऑपरेशन झालेल्या डोळ्याने? वहिनी, अक्कल गहाण ठेवलीत काय!"

"तुम्हाला बोलायला काय जातंय?" काकू म्हणाल्या, पण आता त्यांनी टेबल घट्ट धरलं होतं आणि चेहरा दुखण्याने वाकडा झाला होता. "ठणकतंय खरं."

इतक्यात ड्रायव्हरची बायको धावत आत आली, हातांवर साबण तसाच सुकलेला. तिने नवऱ्याला उभं पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. "ताई," एवढंच ती काकूंना म्हणाली. सुनेने तिला पाणी दिलं.

काकूंना ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं होतं. पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं आणि वरच्या आळीत रिक्षा मिळायची नाही. शेजाऱ्याची भाजीची व्हॅन दारात उभी होती, पण शेजारी बागेत. किल्ली त्याच्या आईने खिडकीतून दिली. ती हातात घेऊन सून उभी राहिली. तिला गाडी येत नव्हती.

सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. तो मागे सरकला.

"मी चालवत नाही आता. माझ्याने होणार नाही."

"बरं," काकू उठल्या. "आण गं ती किल्ली. मी चालवते. एक डोळा आहे अजून. गाडी मला येत नाही, पण लेथ येतो, त्यालाही चाकच असतं."

ड्रायव्हरची बायको रडता रडता हसली. तो हसला नाही. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, पँटला पुसला आणि मग सुनेच्या हातून किल्ली घेतली.

व्हॅन वळशाच्या रस्त्याने निघाली. काकू पुढे बसल्या, त्याच्या शेजारी. सून आणि ड्रायव्हरची बायको मागे, भाजीच्या टोपल्यांमध्ये, मध्ये फडक्यात बांधलेली बंदूक. त्याचे हात चाकावर इतके घट्ट होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. एका वळणावर त्याने गाडी थांबवली, डोकं चाकावर टेकवलं आणि तसाच राहिला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. दुखणाऱ्या डोळ्याची बाई, पण चला म्हणाली नाही. थोड्या वेळाने गाडी आपणहून पुढे निघाली.

दुकानापाशी सून उतरली. शटर वर केलं, जाळीचं दार उघडलं, बंदूक खुंटीला लावली, कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं. मग पुन्हा ओढून पाहिलं. शिंप्याच्या दुकानात रेडिओ जोरात चालू होता. तिने जाता जाता त्याला हात केला आणि गाडीत चढली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी पट्टी उघडल्याबरोबर काकूंची जी खरडपट्टी काढली ती बाहेर व्हरांड्यात ऐकू येत होती. टाका वाचला होता, पण थोडक्यात. काकूही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "माझा डोळा बघून झाला ना?" त्या म्हणत होत्या. "मग त्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना निरोप द्या. म्हणावं, बंदूकवाली आली आहे, बरोबर एक माणूस आहे, त्याच्याशी निवांत बोलायचंय. आजच. उद्याचं मला सांगू नका, उद्याचा धंदा माझा आहे."

व्हरांड्यात बाकावर तिघं बसले होते. ड्रायव्हरच्या बायकोने त्याचा दंड धरून ठेवला होता आणि तो तिला धरू देत होता. सून भिंतीला टेकून आतला आवाज ऐकत होती. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईने विचारलं, आत एवढ्या मोठ्याने कोण बोलतंय हो? "माझ्या सासूबाई," सुनेने मान ताठ करून सांगितलं. कारखान्यात मुकादमाने तिचं काम सगळ्यांना दाखवलं होतं, तेव्हाही तिला एवढं ताठ होता आलं नव्हतं.

दार उघडून नर्स बाहेर आली, हातात कागद घेऊन. "यांच्याबरोबर कोण आहे?"

"मी सून," सून म्हणाली.

नर्सने लिहून घेतलं आणि बाकावरून उठलेल्या माणसाकडे पाहिलं. "आणि तुम्ही यांचे कोण?"

त्याने मूठ उघडून किल्ली पाहिली.

"ड्रायव्हर," तो म्हणाला.

आतून काकूंचा आवाज आला. "चांगले ड्रायव्हर आहेत म्हणावं! नीट लिहा!"